अलिप्त आणि अनासक्त

भाषांतराची सेवा करताना काही इंग्रजी शब्द असे भेटतात की ते सोपे वाटतात आणि नेमका तिथेच पाय घसरतो. ‘डिटॅचमेंट’ हा त्यातला एक. दोन वर्षांपूर्वी एका प्रवचनाचे मराठी भाषांतर करताना मी तो सगळीकडे ‘अलिप्तता’ असा केला. एकूण अकरा ठिकाणी. भाषांतर तपासणाऱ्या ताईंनी अकराही ठिकाणी तो खोडून ‘अनासक्ती’ असे लिहिले आणि समासात एवढीच नोंद केली, ‘अलिप्त तर पाण्यावरचे तेलही असते.’

मला तेव्हा वाटले, ताई उगाच शब्दाचा कीस काढताहेत. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसे साधकाने जगात राहावे, हाच दोन्ही शब्दांचा अर्थ. दुरुस्त्या मी निमूटपणे स्वीकारल्या, पण पटल्या नव्हत्या. त्या पटायला मला श्रीलंकेला जावे लागले, आणि तेही राजेशाही म्हणतात तशा सहलीवर.

आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून बंगळुरूच्या आत्याने आम्हा तिघांना ही सहल भेट दिली. सात रात्री आणि आठ दिवस, फक्त आमच्यासाठी एक गाडी, ती चालवणारा आणि माहितीही सांगणारा एक मार्गदर्शक, आणि मुक्कामाला अशी हॉटेले की ज्यांचे भाडे जाहिरातीत लिहिलेले नसते, ‘चौकशी करावी’ एवढेच असते. आमच्या घरची आजवरची सहल म्हणजे रेल्वेच्या स्लीपरचे तिकीट, उतरायला धर्मशाळा आणि आईने बांधून घेतलेल्या दशम्या. त्यातून मी नुकताच अभ्यासवर्गात वर्षभराचा संकल्प केला होता की गरजेपेक्षा जास्त काही वापरायचे नाही. त्यामुळे मोठाच पेच पडला. मी ताईंना विचारले, “ही भेट नाकारू का?”

ताई म्हणाल्या, “आत्याने प्रेमाने दिलंय. तू नाही म्हटलंस तर आई-बाबाही जायचे नाहीत. जा तू. आल्यावर मला एवढंच सांग, तिथलं काय सोडून येणं जड गेलं.”

परीक्षेचा प्रश्न आधीच कळावा तसे झाले. काहीही जड जाऊ द्यायचे नाही, हे मी घरूनच ठरवून निघालो.

विमानतळावर आम्हाला घ्यायला आलेले मार्गदर्शक पन्नाशीचे होते. पांढराशुभ्र शर्ट, हातात आमच्या नावाची पाटी, आणि भारतीय पाहुण्यांकडून शिकलेले चांगले हिंदी. त्यांना काय म्हणायचे असे आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, “अय्या म्हणा.” सिंहलीत अय्या म्हणजे थोरला भाऊ. आता मराठी घरातली बाई ‘अय्या’ केव्हा म्हणते हे वाचकांना सांगायला नको. पहिले दोन दिवस हाक मारताना आईला हसू आवरत नव्हते आणि अय्यांना त्याचे कारण कळत नव्हते. मला मात्र त्यांची भाषा ऐकायला फार गोड वाटे. आभार मानायला ते ‘इस्तुती’ म्हणतात, म्हणजे आपली स्तुती. वैशाखाला वेसक म्हणतात. भेटल्यावर हात जोडून ‘आयुबोवन’ म्हणतात, म्हणजे तुला दीर्घ आयुष्य लाभो.

अशा सहलीत पैसे नेमके कशाचे घेतात, याचा मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून बराच विचार केला. गादी मऊ असते हे खरे, पण आमच्या घरची कापसाची गादीही काही वाईट नाही. जेवण उत्तम असते, पण पोट तेवढेच असते. पैसे जातात ते दुसऱ्याच गोष्टीला. आपल्या आणि जगाच्या मध्ये सतत कोणीतरी उभे असते. रांग लागत नाही, कारण आपल्यासाठी कोणीतरी आधीच उभा राहिलेला असतो. छत्री भिजली की ती हातातून काढून घेतली जाते. बॅग खोलीत आपल्या आधी पोचते. तहान लागायच्या आत शहाळे येते. गर्दीत कोणी धडकत नाही, कोणाला ‘जरा सरका’ म्हणावे लागत नाही, सुट्टे पैसे मोजावे लागत नाहीत. गाडीच्या काचेतून नारळ, भातखाचरे, शाळेतून सुटलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली, सगळे दिसते आणि आवाज कशाचाच येत नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की या देशात पाऊल ठेवल्यापासून मी एकाही माणसाशी, तो मला काही देत नसताना, बोललो नव्हतो.

आणि गंमत अशी की याच चार दिवसांत मी स्वतःवर खूश होतो. गोड पदार्थ परत पाठवत होतो. तरणतलावाकडे फिरकलो नव्हतो. गरम पाणी असताना थंड पाण्याने आंघोळ करत होतो. या सगळ्याने मला काही होत नाही, मी अलिप्त आहे, असे रोज रात्री वहीत लिहीत होतो.

पण मधल्या दोन जागांबद्दल आधी सांगितले पाहिजे.

पहिली सिगिरिया. सपाट जंगलातून एकदम उभा राहिलेला हा प्रचंड खडक. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर आपला राजवाडा बांधला. वर जायला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. पायथ्याशी बागा आणि कारंजी, कड्यावर रंगवलेल्या अप्सरा, वाटेत सिंहाचे भले थोरले पंजे आणि माथ्यावर कातळात खोदलेले तलाव. त्या काळच्या भोगविलासाचे एवढे देखणे अवशेष मी दुसरे पाहिलेले नाहीत. कड्याच्या कडेने गुळगुळीत गिलावा केलेली एक भिंत आहे. राजवाडा ओस पडल्यावर आठव्या ते दहाव्या शतकांत आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर त्या अप्सरांना उद्देशून कविता कोरून ठेवल्या आहेत. म्हणजे सहलीला जाऊन भिंतीवर लिहिण्याची हौसही आपल्याला वाटते तेवढी नवी नाही.

माथ्यावर वाऱ्यात बसल्यावर अय्यांनी कश्यपाच्या वडिलांची कथा सांगितली. धातुसेन राजाला त्याच्या मुलाने कैद केले आणि लपवलेला खजिना कुठे आहे म्हणून छळ मांडला. धातुसेन म्हणाला, मला कलावेव तलावापाशी न्या. हा तलाव त्यानेच बांधवला होता. तिथे गेल्यावर त्याने पाण्यात उतरून आंघोळ केली, ओंजळभर पाणी घेतले आणि सांगितले, माझा सगळा खजिना हा आहे. मुलाने त्याला भिंतीत चिणून मारले. कश्यपाने पुढे अठरा वर्षे राज्य केले. भाऊ मोग्गल्लान सैन्य घेऊन आला तेव्हा लढाईत त्याने स्वतःचा अंत करून घेतला, आणि खडकावरचा तो राजवाडा भिक्षूंना दिला गेला.

ही कथा तिथल्या इतिवृत्तातून आली आहे. त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती हा वेगळा विषय. पण तलाव खरा आहे. दुसऱ्या दिवशी अनुराधपूरला जाताना अय्यांनी वाट वाकडी करून तो दाखवला. दीड हजार वर्षांनंतर त्याच्या पाण्यावर अजून भाताची शेती होते. त्यातून निघणारा जुना कालवा सुमारे ८७ किलोमीटर वळणे घेत अनुराधपूरपर्यंत जातो. बांधावर उतरून आम्ही उभे राहिलो. खाली एक बाई कपडे धूत होती, दोन पोरे म्हशी पाण्यात घालत होती. वरच्या राजवाड्यात आता माणशी तिकीट घेऊन जातात, आणि इथे कोणी तिकीट मागत नाही. बाप आणि मुलगा दोघांनीही पाणीच साठवले होते.

याच वाटेने स्वामी विवेकानंद १८९७च्या जानेवारीत गेले होते. पाश्चात्त्य देशांतून परतताना ते कोलंबोला उतरले आणि कँडीहून अनुराधपूरमार्गे जाफन्याला निघाले. दंबुल्लाच्या पुढे उतारावर त्यांच्या घोडागाडीचे चाक मोडले. काही तास रस्त्याच्या कडेला काढून मग बैलगाड्यांतून त्यांना पुढचा प्रवास करावा लागला. मला हे वाचून माहीत होते म्हणून मी मोठ्या उत्साहाने अय्यांना सांगितले. ते म्हणाले, “आपल्या गाडीचं चाक मोडलं तर वीस मिनिटांत दुसरी गाडी येईल. कंपनीचा नियम आहे.” त्यांना हे आश्वासन म्हणून द्यायचे होते.

कँडीला दंतमंदिराचे दर्शन झाले. तिथे मोठमोठ्या गाड्यांतून आलेल्यांनाही चपला काढूनच आत जावे लागते, हे मला आवडले. त्या रात्री चार्जर गाडीत राहिला म्हणून मी खाली गेलो. वाहनतळाच्या मागे, स्वयंपाकघराच्या धुराड्याला लागून एक खोली होती. एकावर एक अशा लोखंडी खाटा, एक पंखा आणि पाच-सहा चालक. अय्या नळावर उद्याचा पांढरा शर्ट धूत होते. मला पाहून तेच ओशाळले. “चालकांची सोय वेगळी असते,” ते म्हणाले. “काही ठिकाणी छान असते, काही ठिकाणी अशी.” मी चार्जर घेतला, ‘इस्तुती’ म्हटले आणि वर आलो. माझ्या खोलीत दोन पलंग होते आणि मी एकटाच होतो.

दुसरी जागा म्हणजे हॅटनजवळचा चहाचा मळा. कासलरी जलाशयाच्या वर, एके काळी इंग्रज मळेवाल्यासाठी बांधलेल्या बंगल्यात आमचा दोन रात्री मुक्काम होता. शेकोटी, गुलाबाचे ताटवे, आणि समोर डोंगरच्या डोंगर कापून काढल्यासारखे हिरवेगार. सिलोनात १८६७ साली जेम्स टेलर याने लूलकंदुर मळ्यात व्यापारी तत्त्वावर चहा लावला. त्यानंतर कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडून कॉफी बुडाली आणि डोंगरांवर चहा पसरला. कॉफीसाठी आणि मग चहासाठी मजूर आणले ते तमिळनाडूतून. समुद्र ओलांडून, जंगलातून पायी चालत ते या डोंगरांत आले, आणि कित्येक वाटेतच दगावले. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४८मध्ये, झालेल्या नागरिकत्व कायद्याने त्यातले बहुसंख्य कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४मध्ये आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने, आणि दीड लाखांचे पुढे पाहू. माणसांची ही वाटणी मी वाणिज्याच्या पुस्तकात पाहिली असती तर साठ्याची नोंद समजलो असतो. राहिलेल्यांचा प्रश्न २००३च्या कायद्याने मिटवण्यात आला.

आज ही माणसे तिथली नागरिक आहेत आणि बरीचशी अजूनही मळ्यांतल्या चाळींत राहतात. त्या चाळींना तिथे ‘लाइन’ म्हणतात. मळ्याच्या साहेबाला ‘पेरिया दुरै’ म्हणजे मोठे साहेब म्हणायची रीतही टिकून आहे. पाने खुडणाऱ्या बायकांना बऱ्याच मळ्यांत दिवसाला अठरा किलोच्या आसपास पाने द्यावी लागतात. किमान मजुरी २०२१मध्ये दिवसाला १००० श्रीलंकन रुपये ठरली आणि २०२४मध्ये १३५०. आपल्या रुपयांत पावणेचारशे-चारशे. आत्याने आमच्या एका खोलीसाठी रात्रीचे साधारण पन्नास हजार भारतीय रुपये मोजले होते. मी शेकोटीसमोर बसून भागाकार केला, तेव्हा एकशे तीस दिवस आले. रविवार न घेता चार महिन्यांहून अधिक.

असे भागाकार फसवे असतात, हे हिशेब शिकणाऱ्याला कळते. त्या पन्नास हजारांत माळ्याचा पगार होता, आचाऱ्याचा होता, कर होता, विमानतळावर पाटी धरून उभ्या राहिलेल्या अय्यांचा वाटाही कुठेतरी होता. बिलात दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ होता, जो कर्मचाऱ्यांत वाटला जातो असे सांगितले. ‘सर्व्हिस’ला आम्ही भाषांतरात ‘सेवा’ म्हणतो आणि आपल्या केंद्रात सेवा म्हणजे मोबदला न घेता केलेले काम. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी बसवताना त्या दिवसापासून माझा हात अडखळतो.

त्याच रात्री मला वैराग्याची उबळ आली. बाहेर लाइनमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत घरेच्या घरे झोपलेली, आणि मी हंसपिसांच्या गादीवर? मी उशीसुद्धा न घेता खाली गालिच्यावर झोपलो. थंडी वाजली, पण मनाला फार बरे वाटले. वहीत त्याची नोंदही केली.

सकाळी साडेसहाला चहा घेऊन आलेल्या मुलाने मला जमिनीवर आणि पलंग जसाच्या तसा पाहिला. तो काही बोलला नाही. न्याहारीच्या वेळी व्यवस्थापक आले. गादीत काही दोष होता का, चादरीला वास येत होता का, खोली बदलून देऊ का, असे अतिशय नम्रपणे विचारू लागले. त्यांच्या मागे तो मुलगा मान खाली घालून उभा होता, कारण आदल्या संध्याकाळी पलंग त्याने लावला होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. मी घाईघाईने म्हणालो, “नाही, नाही, ही माझी साधना आहे.” व्यवस्थापक हसले, ‘अर्थातच’ म्हणाले आणि त्यांनी खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिले. मुलगा ट्रे घेऊन आत गेला. दुपारी अय्यांकडून कळले की तो त्याच मळ्यातल्या लाइनमधला, आणि त्याची आई पाने खुडते.

साधकाने ऐषआराम भोगावा की नाही, या प्रश्नाला आपल्याकडे साधारण दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे भोग बांधतो, म्हणून दूर राहा. दुसरे म्हणजे वस्तूत दोष नाही, मन अलिप्त असले की झाले, जनक राजा नाही का राजवाड्यात राहत होता? मी पहिल्या उत्तराने निघालो होतो आणि दुसऱ्याने दिवस काढत होतो. गालिच्यावर झोपलो ते पुन्हा पहिल्याने. त्या सकाळी मला दिसले की दोन्ही उत्तरांत एकच माणूस आहे, मी. माझे मन शुद्ध राहिले का, मला चटक लागली का, माझा संकल्प मोडला का. पलंग लावणारा मुलगा दोन्हींत नाही.

घरी आल्यावर मी गीता पुन्हा काढली. कमळाच्या पानाची उपमा पाचव्या अध्यायात आहे, आणि ती कर्म करणाऱ्याला दिली आहे. आसक्ती सोडून जो काम करतो त्याला ती लागू पडते. दुसऱ्याने लावलेल्या पलंगावर ‘मी अलिप्त’ म्हणून पडणाऱ्याला ती लागू पडेल, असे मला तिथे काही सापडले नाही. जनकाचे नाव तिसऱ्या अध्यायात येते तेही कर्मासाठी आणि लोकसंग्रहासाठी, राजवाड्यासाठी नव्हे. आणि त्याच अध्यायात, मिळालेले परत काही न देता जो भोगतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. म्हणजे मनाला चिकटले का हा एक प्रश्न आहे, पण त्याआधी एक साधा देण्याघेण्याचा प्रश्न आहे, आणि तो मी मनाच्या नावाखाली टाळत होतो. पाण्यावरचे तेल पाण्यात बुडत नाही, ओलेही होत नाही. माशाला मात्र त्याच्याखाली श्वास घेता येत नाही.

मग जाऊच नये का? हे मी अय्यांना मळ्यातून निघताना गाडीत जवळजवळ विचारलेच. ते म्हणाले, “२०१९च्या ईस्टरला बाँबस्फोट झाले, पाहुणे बंद. मग कोरोना, पाहुणे बंद. २०२२ला देशाकडे डॉलर नव्हते, पेट्रोलसाठी मी दोन दिवस रांगेत गाडीतच झोपलो, आणि भरून घेतलं तरी बसवायला पाहुणा नव्हता. गावी भाजी विकली. तुम्ही लोक येऊ नका असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.” यावर मला काही बोलता आले नाही. न जाण्यातले पावित्र्यही अय्यांच्या घरच्या चुलीकडे पाहत नाही.

तो दिवस वेसकचा होता, वैशाख पौर्णिमा. बुद्धाचा जन्म, बोधी आणि परिनिर्वाण, तिन्ही त्याच तिथीला मानतात. हॅटनहून कोलंबोकडे उतरणारा रस्ता कितुल्गलवरून अविस्सावेल्लला येतो. घरोघरी कागदी आकाशकंदील, पांढऱ्या कपड्यातली माणसे, आणि दारू-मांसाची दुकाने बंद. अविस्सावेल्लच्या अलीकडे दहा-बारा तरुण झेंडे हलवत रस्त्यात आले आणि त्यांनी गाडी थांबवली. बाबांना वाटले, वर्गणी. त्यांनी पाकीट काढले. सहलीत बहुधा पहिल्यांदाच.

अय्या हसले. “दन्सल आहे. जेवायला बोलावताहेत.”

दन्सल म्हणजे दानशाळा. वेसकला गल्लीतली, वाडीतली माणसे एकत्र येऊन रस्त्याच्या कडेला मांडव घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला खाऊ घालतात. कुठे भात, कुठे चणे, कुठे सरबत, कुठे चक्क आइस्क्रीम. आरोग्य निरीक्षकांकडे आधी नोंदणी करावी लागते, हे मला विशेष वाटले. कोण श्रीमंत, कोण गरीब, कोण कुठल्या धर्माचा हे विचारत नाहीत. बस थांबवतात, रिक्षा थांबवतात आणि आमच्यासारखी काळ्या काचांची गाडीही थांबवतात.

आम्हाला भूक नव्हती. बंगल्यातली न्याहारी गळ्याशी होती आणि आमचे दुपारचे टेबल कोलंबोत राखलेले होते. बाबा म्हणाले, “आपण थोडे पैसे देऊन पुढे जाऊ या.” अय्या पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाले, “साहेब, इथे पैसे देत नाहीत. खातात.”

उतरलो. ऊन मी म्हणत होते. रांग होती, आणि ती आमच्यासाठी कोणी धरून ठेवलेली नव्हती. पुढे एक बस-कंडक्टर, मागे तीन शाळकरी मुली. मागच्या मुलीचा पाय माझ्या टाचेवर पडला आणि ती हसली. बाकावर दाटीवाटीने बसलो. भात, परिप्पू नावाचे नारळाच्या दुधातले वरण, कोवळ्या फणसाची भाजी आणि एक पापड. शेवटी बेलीमल, म्हणजे बेलाच्या फुलांचे कोमट पेय, आणि सोबत गुळाचा खडा. आईने तो गूळ जिभेवर ठेवला आणि म्हणाली, “अगदी पंढरीच्या वाटेवर बसल्यासारखं वाटतंय.” ती वारीला एकदाच गेली आहे, लग्नाआधी.

अय्या आमच्यासोबत बसले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या, एका पोराच्या हातून भाताचा डाव घेतला आणि अर्धा तास वाढत राहिले. नंतर गाडीत कळले की दरवर्षी त्यांच्या गावी, कुरुनेगलजवळ, त्यांच्या गल्लीची भाताची दन्सल असते. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मित्रांनीच ती सुरू केली. सकाळपासून त्यांना घरून तीन फोन आले होते. त्या दिवशी ते तिथे नव्हते, कारण आमच्या सहलीच्या तारखा आत्याने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाप्रमाणे निवडल्या होत्या आणि आम्ही कोणी पंचांग पाहिले नव्हते. सात दिवस त्यांना ‘थोरला भाऊ’ म्हणत होतो. घरी सण आहे का, हे विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी बाबांनी कोलंबोच्या हॉटेलात आग्रह धरला की अय्यांचे ताट आमच्याच टेबलावर लागले पाहिजे. हॉटेलवाल्यांनीही मान्य केले. अय्यांनी मात्र हात जोडले. “रागावू नका. दिवसभर मी हिंदी बोलतो, हसतो, इतिहास सांगतो. रात्री चालकांच्या खोलीत आम्ही सगळे सिंहलीत पाहुण्यांची नक्कल करतो. तेवढाच आराम.” बाबा क्षणभर पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. “आमची पण करता?” “तुमची तर कालच झाली,” अय्या म्हणाले. माझ्या गालिच्यावर झोपण्याची नक्कल झाली होती, असे दिसते.

निरोपाच्या वेळी आईने पाकिटात जे घातले ते त्यांनी मोकळेपणाने घेतले. त्यांच्या गल्लीच्या पुढच्या दन्सलसाठी तांदळाचे पैसे मी पाठवायचे कबूल केले आहे. त्यासाठी माझ्या शिकवण्यांतून दरमहा थोडे बाजूला काढतो. ते फार नाहीत, आणि त्याने त्या एकशे तीस दिवसांचा हिशेब जुळत नाही, हेही मला माहीत आहे.

परत आल्यावर ताईंना भेटायला गेलो. तिथले काय सोडून येणे जड गेले, याचे उत्तर मी विमानातच तयार केले होते. गादी नाही, जेवण नाही. कोणाच्या अध्यातमध्यात नसण्याची जी सवय चार दिवसांत लागली, तीच जड गेली. मुंबईला उतरल्यावर लोकलमध्ये पहिला धक्का लागला तेव्हा मी चिडलो होतो. सिगिरिया, तलाव, दन्सल, गालिचा, सगळे मी ताईंना सांगितले. ‘अलिप्तता’ तुम्ही अकरा ठिकाणी का खोडली तेही आता कळले, म्हणालो.

ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “त्या पलंग लावणाऱ्या मुलाला नंतर कोणी बोललं का रे?”

मला माहीत नव्हते. त्या सकाळनंतर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र आम्ही त्याच बंगल्यात होतो. दुसऱ्या दिवशीचा चहाही त्यानेच आणून दिला होता.